मुलांस तुरुंग दाखवावा कसा?

शाळांच्या सहलींत पूर्वीं लेणीं, किल्ले आणि देवळें असत. अलीकडे त्यांत तुरुंगांची भर पडली आहे. पुण्याचा येरवडा तुरुंग लोकांस आणि विद्यार्थ्यांस दाखवण्याची योजना २०२१ च्या प्रजासत्ताकदिनीं सुरू झाली. डब्लिनचें किल्मेनहॅम, केपटाऊनजवळचें रॉबेन बेट, फिलाडेल्फियाचें जुनें बंदिगृह, अशा ठिकाणीं मुलांच्या रांगा शिक्षकांच्या मागून आंत शिरतात आणि तासाभरानें बाहेर पडतात. मुलांना इतिहास प्रत्यक्ष पाहावयास मिळाला, असें म्हणून आपण समाधान मानतों. तुरुंगांत इतिहास दिसतो हें खरें. परंतु त्यांतला कोणता भाग दिसतो, आणि दाखवणारा काय झांकून ठेवतो, याची चिकित्सा क्वचितच होते. ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, चित्रपटाचें तर प्रमाणाबाहेर होतें. मग जी वास्तु मुलांपुढें पुस्तकासारखी उघडून ठेवली जाते तिचेंही परीक्षण कां होऊं नये? प्रस्तुत लेखांत अंदमानच्या सेल्युलर जेलविषयीं तसा प्रयत्न करावयाचा आहे.

मागें एका नाताळच्या सुटींत आम्ही पोर्ट ब्लेअरला गेलों, तेव्हां आमच्या थोरल्या बहिणीची नात बरोबर होती. वय वर्षें दहा. (त्या शहराचें अधिकृत नांव २०२४ पासून श्री विजय पुरम असें आहे, परंतु लेखाचा संबंध बहुतेक जुन्या घटनांशीं असल्यामुळें येथें जुनेंच नांव ठेवतों.) मुलीची तयारी आम्हीं घरींच करून घेतली होती. मास्तराच्या हातीं मूल सांपडलें म्हणजे त्याची सहजासहजीं सुटका होत नाहीं. सावरकर बंधु, बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, इंदुभूषण रॉय हीं नांवें तिला पाठ होतीं. धाकटे सावरकर ४ जुलै १९११ ला तेथें पोंचले हें तिला ठाऊक होतें. कोलूला जुंपलेल्या माणसाकडून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत, हेंही तिनें ऐकलें होतें. तीस पौंड म्हणजे किती, हें समजावें म्हणून स्वयंपाकघरांतील तेलाचे डबेही आम्हीं तिच्यापुढें मांडले होते. एवढ्या तयारीनंतर आतां वास्तूनें आमच्या शिकवण्यावर शिक्कामोर्तब करावें, एवढेंच काय तें बाकी आहे, अशी आमची समजूत होती.

इमारतीचें काम १८९६ त सुरू होऊन १९०६ त पुरें झालें. मध्यें मनोरा, आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात तीनमजली ओळी. कोठड्या सुमारें सातशें. प्रत्येक ओळीचें तोंड शेजारच्या ओळीच्या पाठीकडे केलेलें आहे. त्यामुळें एका कोठडीच्या दारांतून दुसऱ्या कोठडीचें दार दिसत नाहीं. एका माणसास एक कोठडी. सामाईक बराक ठेवलेलीच नाहीं, आणि जेलचें नांवही त्यावरूनच पडलें. या रचनेस बेंथमच्या 'पॅनॉप्टिकॉन'ची प्रतिकृति म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पुरतेपणीं पटत नाहीं. बेंथमच्या १७९१ च्या योजनेंत मधला पहारेकरी प्रत्येक कोठडीच्या पोटांत पाहूं शकतो. येथें मनोऱ्यावरून ओसऱ्या दिसतात, आंतला माणूस दिसत नाहीं. त्यास पाहण्याची सरकारास फारशी गरज नव्हती; त्यास दुसरें कोणी दिसूं नये, ही गरज होती. १८२९ त उघडलेल्या फिलाडेल्फियाच्या बंदिगृहाशीं हें नातें अधिक जवळचें आहे. तें बंदिगृह डिकन्सनें १८४२ त पाहिलें आणि माणसाच्या मनावर केलेल्या त्या अदृश्य आघाताची कडक शब्दांत निंदा केली. त्यानंतर चोपन्न वर्षांनीं तीच कल्पना समुद्रापार विटांत बांधली गेली. इंग्रजी वाङ्मयाचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यकर्त्यांनीं आपलाच डिकन्स वाचला नव्हता, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु वाचूनही न वाचल्यासारखें करण्याची विद्या राज्यकर्त्यांस सर्वकाळ अवगत असते.

या वास्तूंतील सर्वांत बोलका भाग कोणता, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही फांसघर दाखवणार नाहीं, कोठडीचा अडसर दाखवूं. दार लोखंडी गजांचें आहे. पण त्याचा अडसर दारापाशीं संपत नाहीं. तो लांबवर नेऊन बाहेरच्या भिंतींतील कोनाड्यांत अडकवलेला आहे. आंतल्या माणसानें गजांतून खांद्यापर्यंत हात काढला तरी तो कुलुपास लागत नाहीं. आमच्या मुलीनें हें कोणाच्या सांगण्यावरून केलें नाहीं. ती एका उघड्या कोठडींत शिरली, दार लोटून घेतलें, आणि गजांतून हात काढून भिंत चांचपूं लागली. बराच वेळ चांचपली. मग म्हणाली, "आजोबा, हात पोंचतच नाहीं. त्यांनीं मुद्दामच तसें केलें आहे." त्या एका 'मुद्दाम' शब्दांत जेलच्या शिल्पशास्त्राचें सार तिच्या हातीं आलें. कोणीतरी कागदावर रेघा ओढल्या, माणसाच्या हाताची लांबी मनांत धरली, आणि तिच्यापुढें वीतभर जागा सोडली. क्रौर्य म्हणजे दरवेळीं लाल डोळे आणि उगारलेला चाबूकच असतो असें नाहीं. तें फूटपट्टी घेऊन शांतपणें बसूं शकतें, हें दहा वर्षांच्या मुलीस व्याख्यान देऊन आम्ही शिकवूं शकलों नसतों. मागच्या भिंतीला सुमारें तीन मीटर उंचीवर एक झरोका. त्यांतून येणारा उजेड जमिनीवर कोठें पडतो तें ती पाहत होती. दोन-तीन मिनिटें कोणी बोललें नाहीं.

तेवढ्यांत वाटाड्यानें पुढें चलण्याची घाई केली, आणि आम्ही कोलूपाशीं आलों. तेथें, आणि फटके मारण्याच्या घोडीपाशीं, कैद्यांचे पुतळे उभे केलेले आहेत. येथून आमचा मतभेद सुरू होतो. रिकाम्या कोठडींत मुलीची कल्पना काम करीत होती. पुतळ्यापुढें ती थांबली. रंगवलेल्या पाठीवर रंगवलेले वळ पाहून मुलें प्रथम दचकतात, नंतर हसतात, आणि शेवटीं त्याच्या शेजारीं उभीं राहून छायाचित्र काढून घेतात. याबद्दल मुलांस बोल लावणें अन्यायाचें होईल. बीभत्स रस हा मोठा कठीण रस आहे. त्याची मात्रा थोडी चुकली कीं तो हास्याच्या दारांत जाऊन उभा राहतो. क्षेमेंद्रानें काव्याचा प्राण औचित्यांत पाहिला तो याच कारणानें. जेथें खरी बेडी, खरा कोनाडा, फांसघरांतील खरी तुळई आहे, तेथें मातीच्या माणसाची गरज कां पडावी? मुलांस समजणार नाहीं, अशी भीति दाखवणारांस वाटत असावी. आमचा अनुभव असा कीं मुलांस वस्तु समजते. मोठ्यांनीं ती समजावून सांगण्याचा खटाटोप केला म्हणजे मात्र ती समजेनाशी होते.

रात्रीं प्रकाश आणि ध्वनि यांचा प्रयोग झाला. आम्हीं पाहिलेल्या प्रयोगांत आवारांतील पिंपळाच्या तोंडून कथा सांगितली होती. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे पिंपळ हा साक्षी मानलेला वृक्ष आहे. आवाज कसलेले होते, अंधारांत मनोऱ्यावर चढत जाणारा प्रकाश परिणामकारक होता, आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं डोळे पुसले. आमचेही भरून आले, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु साक्षीदार म्हटला म्हणजे त्यानें सर्व सांगावें, अशी आपली अपेक्षा असते. या पिंपळास मात्र निवडक तेवढेंच आठवतें. त्याच्या स्मरणांत वीर आहेत आणि जेलर बारी आहे. या दोहोंमध्यें कोणी नाहीं. तिकडे वीररस, इकडे खलनायक, आणि शेवटीं तिरंगा, अशी ही मांडणी आमच्या जुन्या संगीत नाटकांच्या बेताची आहे. नाटक म्हणून ती उभी राहते; परंतु जेथें सुमारें सातशें कोठड्या होत्या तेथें माणसें किती होतीं, हा साधा प्रश्न तिच्यांत बसत नाहीं.

तो प्रश्न मुलीनें विचारला. निवासस्थानीं परततांना मोटारींत ती म्हणाली, "आजोबा, मग चोर कुठें ठेवत?"

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "ते दुसरीकडे असत."

तें उत्तर खोटें होतें. जाणूनबुजून दिलेलें नव्हतें, एवढाच त्यांतला गुण. कारागृहांत जन्मलेल्या वाङ्मयाविषयीं आम्हीं वर्गांत अनेक वर्षें बोलत आलों आहों. मंडालेंत लिहिलेलें 'गीतारहस्य', धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ त सांगितलेलीं विनोबांचीं प्रवचनें, नाशिकच्या तुरुंगांत १९३३ त लिहून झालेली 'श्यामची आई', यांवर टिपणें काढून देत आलों आहों. आणि एवढें असूनही तुरुंगांत चोर असतात ही गोष्ट त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आली नाहीं. आमच्या मनांत तुरुंगाचें देऊळ कधींच होऊन गेलें होतें, आणि देवळांत चोरांची खोली कोठें असते, असें कोणी विचारीत नाहीं.

वस्तुस्थिति अशी आहे. अंदमानची वसाहत १८५८ च्या मार्चांत सुरू झाली ती सत्तावनच्या उठावांतील कैदी नेऊन. परंतु पुढें पाऊण शतकाहून अधिक काळ तेथें गेलेल्या माणसांपैकीं बहुसंख्य खून, दरोडे अशा गुन्ह्यांसाठीं जन्मठेप झालेले सामान्य लोक होते. जेल मुख्यतः त्यांच्यासाठींच बांधला गेला. वसाहतींतली शिक्षा सौम्य झाली आहे, काळ्या पाण्याची दहशत उरली नाहीं, असा लायल आणि लेथब्रिज यांनीं १८९० त अभिप्राय दिला, आणि नव्यानें आलेल्या प्रत्येक कैद्यास आरंभीं कांहीं महिने एकांतांत ठेवावें असें ठरलें. त्यासाठीं या कोठड्या. राजकीय कैदी पुढें आले, आणि संख्येनें ते थोडेच होते. जेल बांधला तोही कैद्यांच्याच हातांनीं. ज्यांच्यासाठीं अडसर भिंतींत लांब नेला त्यांच्यापैकींच कोणीतरी तो कोनाडा रचला असेल. आणि पहारा? वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार हे बहुधा बढती मिळालेले कैदीच असत. बारीसाहेबाच्या हुकुमाखालीं कैद्याला मारणारा हात पुष्कळदां दुसऱ्या कैद्याचाच होता. ही गोष्ट मुलांस सांगण्याजोगी नाहीं असें कोणास वाटेल. आम्हांस वाटतें, सांगण्याजोगी पहिली गोष्ट हीच आहे. कारण शाळेच्या वर्गांत मॉनिटर नेमला जातो तेव्हां काय होतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें.

घरीं आल्यावर आम्हीं 'माझी जन्मठेप' पुन्हा काढली. १९२७ त प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आम्हीं तरुणपणीं वाचला तो एका वीराचें आत्मवृत्त म्हणून, आणि पुढें शिकवलाही तसाच. या वेळीं मुलीचा प्रश्न मनांत ठेवून वाचूं लागलों तों ग्रंथ निराळाच निघाला. त्यांत चोरांची, दरोडेखोरांची, खुनी माणसांची एवढी गर्दी आहे कीं तिच्यांतून नायकास वाट काढावी लागते. त्यांचे स्वभाव, त्यांच्या लबाड्या, त्यांची अक्षरओळख, त्यांनीं चोरून पोंचवलेल्या चिठ्या, त्यांचे आपसांतले तंटे, हें सर्व सावरकरांनीं बारकाईनें टिपलें आहे. दोघे भाऊ एकाच आवारांत असून एकमेकांस भेटूं शकत नव्हते, तेव्हां निरोपाचा आधार अशाच माणसांचा होता. प्रयोगांतल्या पिंपळानें जें गाळलें तें ग्रंथकारानें गाळलें नाहीं, आणि म्हणूनच ग्रंथ थोर आहे. त्यांत दोष आहेत. पठाण वॉर्डरांविषयींचा त्यांचा संताप व्यक्तीवरून उचलून सबंध जातीवर ठेवला जातो, तेथें आम्ही त्यांच्याबरोबर जाऊं शकत नाहीं. आणि मुलांच्या हातीं तीं पानें देतांना वडील माणसानें शेजारीं बसावें, अशी आमची सूचना आहे. सरकारकडे केलेल्या अर्जांचा विषयही हल्लीं मोठ्या आवाजांत निघतो. एक पक्ष तो बोलूं देत नाहीं, दुसरा दुसरें कांहीं बोलूं देत नाहीं. खुद्द ग्रंथकारानें तो विषय लपवलेला नाहीं. मग वाटाड्यानें कां लपवावा? एकांतवासांत माणसाचें काय होतें, हें जिनें गजांतून हात काढून पाहिलें तिला अर्ज म्हणजे काय हें समजावणें आम्हांस अवघड वाटलें नाहीं. तिनें निवाडा केला नाहीं. दहाव्या वर्षीं तो केलाच पाहिजे असेंही नाहीं.

मुलांसाठीं याहूनही सोयीचें पुस्तक बंगालींत आहे. अलीपूर खटल्यांत शिक्षा झालेल्या उपेंद्रनाथ बंद्योपाध्यायांनीं १९२१ त 'निर्वासितेर आत्मकथा' लिहिली. त्यांचा विशेष असा कीं ते या सर्व दुःखाकडे हसऱ्या डोळ्यांनीं पाहतात, आणि त्या हास्यामुळें दुःख कमी न होतां माणूस मोठा दिसतो. मनोऱ्यांतील संगमरवरी पाट्यांवर बंगालचीं नांवें बहुसंख्य आहेत. परंतु मराठी घरांतून अंदमानास जाणारा मनुष्य एका कोठडीपुढें हात जोडतो, छायाचित्र घेतो, आणि बाकीच्या पाट्या न वाचतां खालीं उतरतो. १९३३ च्या उपोषणांत बळानें अन्न घालतांना मरण पावलेले महावीरसिंग, मोहनकिशोर नमदास आणि मोहित मैत्र हे तीन तरुण आपल्याकडे किती घरांस ठाऊक आहेत? जपानी अमलांत, १९४४ च्या जानेवारींत, पंजाबी कवि डॉ. दिवाणसिंग याच भिंतींच्या आंत छळानें मेले, ही हकीकत तर वाटाड्यानें एका वाक्यांत आटोपली. मालक बदलला, अडसर तोच राहिला; या एका वाक्यासाठीं तरी दोन मिनिटें थांबावयास हवें होतें.

डिकन्सकडे पुन्हा वळावेंसें वाटतें. त्याच्या वडिलांस १८२४ त कर्जापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत ठेवलें, तेव्हां तो बारा वर्षांचा होता. आठवडाभर बुटाच्या शाईच्या कारखान्यांत राबावें आणि रविवारीं तुरुंगांत घरच्या माणसांस भेटावें, असा त्याचा क्रम होता. त्या रविवारांनीं त्याला जें शिकवलें तें तीस वर्षांनीं 'लिटल डॉरिट'मध्यें आलें. तेथील मार्शलसीत वीर कोणी नाहीं आणि मोठा खलपुरुषही नाहीं. तेथें माणसें चहा पितात, बढाया मारतात, उसनवारी करतात, आणि तुरुंगांत फार वर्षें राहिल्याचाच अभिमान बाळगतात. मुलानें तुरुंग पाहिला तो असा, माणसांनीं भरलेला. रॉबेन बेटावर पूर्वींच्या राजबंद्यांनाच वाटाडे नेमण्याची पद्धत १९९७ त संग्रहालय झाल्यापासून पडली, तिचें मर्मही हेंच असावें. अंदमानांत तें आतां शक्य नाहीं. परंतु सात ओळींपैकीं तीनच उरल्या आहेत, पाडलेल्या भागाच्या जागेवर १९६३ पासून सार्वजनिक रुग्णालय आहे, आणि बाह्यरुग्णांची गर्दी जेलच्या भिंतीशेजारून जात असते. या गर्दींतील कितीजण त्या 'दुसरीकडे' ठेवलेल्या माणसांचे पणतू असतील! शिक्षेची पहिली पायरी संपल्यावर कैद्यांस वसाहतींत जमीन मिळे, संसार थाटतां येई. त्यांच्या वंशजांस तेथें 'लोकल बॉर्न' म्हणतात. पोर्ट ब्लेअरच्या शाळांतील मुलें १९७९ त राष्ट्रीय स्मारक झालेल्या या जेलमध्यें रांगेनें येतात, तेव्हां त्यांतील एखाद्या मुलाचा पणजोबा कोणत्या पाटीवर शोधावा, हें त्याला कोण सांगत असेल? पाट्या राजबंद्यांच्या आहेत.

आम्हीं मुलीस पत्र लिहून चूक कबूल केली. चोर दुसरीकडे नव्हते, तेथेंच होते, तेच पुष्कळ होते, आणि इमारतही त्यांनींच बांधली, असें कळवलें. त्यावर तिचें उत्तर आलें नाहीं. परीक्षा जवळ आली होती. पुढें उन्हाळ्यांत तिच्या घरीं गेलों तेव्हां शाळेसाठीं लिहिलेलें सहलीचें वर्णन तिनें दाखवलें. दीड पान होतें. समुद्राचा रंग, विमानांतलें खाणें, कोठडीचें कुलूप कोठें असतें याची पेन्सिलीनें काढलेली आकृति. आणि शेवटीं, आमच्या पत्रावरून घातलेलें असावें, एक वाक्य: 'तेथें चोर पण होते, पण त्यांचीं नांवें लिहिलेलीं नाहींत.' बाईंनीं त्या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढली होती. ती दोनदां आलेल्या 'पण'बद्दल होती कीं चोरांबद्दल, हें मुलीस विचारलें. तिलाही ठाऊक नव्हतें.